आई गोरिला बघायला निघते

॥ श्री ॥

वारजे, पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. हेमाताईस,
शंभूचा सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींच्या हाती देतो आहे. ते फुलांचा टेम्पो घेऊन मार्केट यार्डात येतात आणि मलाही दुकानासाठी चेन-बक्कल आणायला त्या बाजूला जावं लागतं, म्हणून जमलं. फोनवर का सांगितलं नाही असं म्हणू नकोस. तुझा फोन तुझ्या सासूबाईंना स्पीकरवर ऐकायला आवडतो, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुझ्याआधी तुझी नणंद वाचते. इकडे आमची खोली एकच. मी मोरीत जाऊन कुजबुजलो तरी आई बाहेरून उत्तर देते. दाजींना म्हटलं पाकीट उघडू नका, तर म्हणाले, तुम्हा बहीणभावांची रडगाणी वाचायला मी चष्मा झिजवत नाही.

तर बातमी अशी. आई आफ्रिकेला चालली आहे. युगांडा नावाचा देश आहे, तिथल्या डोंगरातल्या जंगलात गोरिला बघायला. त्याआधी जीपमधून सिंह, हत्ती, जिराफ. नेणार कोण, तर राजनंदिनी मॅडम. मी पाळण्यात होतो तेव्हापासून आई ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते, त्या घरची ही एकुलती मुलगी. त्यांच्या आई दोन वर्षांमागे गेल्या. त्यांना घेऊन हा प्रवास करायचं मॅडमनी कधीचं ठरवलं होतं म्हणे. आता त्या जागी आपल्या आईला नेत आहेत. बरोबर मॅडमच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी. जानेवारीच्या सुरुवातीला निघायचं.

मला राग कशाचा आला ते सांगतो. पासपोर्ट ऑगस्टमध्येच आला आहे आणि मला पत्ता नाही. पोलीस चौकशीला घरी आला तेव्हा मी दुकानात होतो. शेजारच्या शर्मिलावहिनी साक्षीला उभ्या राहिल्या. म्हणजे शेजारणीला माहीत, पोलिसाला माहीत, पोटच्या पोराला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, नक्की ठरेपर्यंत तुझी झोप कशाला घालवायची. आता ठरलं, आता गेली.

तुला माहीत आहे, मेहबूबभाईंच्या दुकानात बॅगा शिवताना टीव्हीवर प्राण्यांचा चॅनल कोण लावतं. मी लावतो. गोरिलाच्या टोळीत म्हातारा होत आलेल्या नराची पाठ चंदेरी होते, तो उठला की टोळी उठते, तो बसला की बसते, हे मी आईला कितीदा सांगितलं. तेव्हा ती म्हणायची, मेल्या ते माकड बंद कर आणि माझी मालिका लाव. आता तेच माकड बघायला ती विमानाने जाणार आणि मी इथे तिच्या बॅगेची चेन बसवणार. मेहबूबभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, बेटा, ज्याला भूक असते त्याला ताट मिळत नाही, ही दुनियेची जुनी सवय आहे. मग म्हणाले, चेन मात्र चांगली बसव.

आणि मॅडम आईला इंदूआई म्हणतात. नुसतं मावशी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

दाजींना नमस्कार, बाळांना पापा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे, निदान तिकडून तरी कमी होऊ नये.

तुझा,
शंभू

॥ श्री ॥

लोणी काळभोर
८ नोव्हेंबर २०२५

चि. शंभूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं, मजकूर नेहमीसारखा कडू. दहावीला दोनदा आपटलास, पण पत्रात एक खाडाखोड नाही. एवढं सुबक चिडलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तुझ्या पोटात दुखतंय. ओवा खा. आई कधी कुठे गेली होती? नागपूरच्या मामांच्या लग्नाला, ते पण एसटीत उभी राहून. आपले बाबा असते तर तिला तुळजापूरला तरी नेलं असतं, ते गेले कारखान्यात आणि तिची पंचवीस वर्षं गेली दुसऱ्यांच्या ओट्यापाशी. आता कुणी नेतंय तर जाऊ दे की. नेणारी कोण हे बघत बसलास तर ती जन्मभर वारज्याच्या पुलाखालीच फिरत राहील.

मी सासूबाईंना हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, अगंबाई, तिकडे खातात काय? दोन दिवस झाले, अजून तोच प्रश्न चालू आहे. ह्यांनी टेम्पोवाल्या सगळ्यांना सांगितलं. परवा मार्केट यार्डात एक जण विचारत होता की तुमच्या सासूबाई गोरिला आणायला चालल्यात ते खरं का.

तू आता असं कर. तुला दुसरं काही जमो न जमो, तयारी तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. बुटांपासून औषधांपर्यंत सगळं तू बघ. आईला चालायची सवय कर. तिकडे जंगल डोंगरात आहे असं तूच लिहिलंस. जळत जळत केलंस तरी चालेल, पण नीट कर.

मी यायचं म्हणते पण इथे गुलछडीची तोड चालू आहे. आईला सांग हेमाला आनंद झाला. झाला आहेच. बाकीचं मग कधी.

जप स्वतःला, आणि बहिणीला विसरू नकोस म्हणजे पुरे.

तुझी,
हेमाताई

॥ श्री ॥

वारजे, पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. हेमाताईस,
सा. न. वि. वि.

ओवा खाल्ला. फरक नाही.

तयारी तू म्हणालीस तशी चालू आहे. पिवळ्या तापाची लस झाली. ती न घेता त्या देशात उतरू देत नाहीत. आईला सुई टोचली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं कुठे जाताय, तर आईने मान खाली घालून सांगितलं, माकडं बघायला. त्या हसल्या. मीच मग गोरिला माकड नसतो, त्याला शेपटी नसते, हे समजावून सांगितलं. रांगेतली माणसं माझ्याकडेच बघायला लागली.

बूट घेतले, घोट्याच्या वर येणारे. आई ते घालून रोज पोळ्या लाटते, म्हणजे पायाला बसतील. तिकडच्या झुडपांना हात लागला की आग होते, म्हणून जाड हातमोजे हवेत. ते बाजारातून आणण्यापेक्षा मीच शिवले, जुन्या सॅकचं कापड लावून. मोजे पँटच्या वर ओढून घ्यायचे, नाहीतर मुंग्या आत शिरतात. पँटवरून बरंच झालं. आधी आई म्हणाली साडीच्या आत घालीन. मी म्हटलं मग मुंग्यांना जिना करून दिल्यासारखं होईल. आता खोलीत दार लावून पँट घालून फिरते आणि कुणी आलं की वरून गाऊन चढवते.

एक नियम फार कडक आहे. माणसाची सर्दी गोरिलांना होते आणि त्यात ते मरतातसुद्धा. म्हणून त्या दिवशी कुणाला शिंक आली, नाक वाहत असलं, तर वनरक्षक तिथूनच परत पाठवतात. आई म्हणाली, बरं आहे बाई त्यांचं, आपल्याकडे तापाने फणफणलेल्या माणसालाही पंगतीत बसवतात. आणि ज्याला चढवत नाही त्याला तिथली चार माणसं खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतात, डोलीसारखं. हे ऐकल्यावर तिने ठरवलंच की चालत जाईन. म्हणाली, चार जणांनी उचलायची वेळ येणारच आहे, मी आधीपासून सराव कशाला करू.

दर रविवारी टेकडी चढवतो. आज सिंहगड केला. मॅडम आल्या होत्या. इथून पुढचं वाचून तू मला नावं ठेवशील, ठेव.

पायथ्यापर्यंत त्यांच्या गाडीने गेलो, पुढे चालत. आई पुढे, मॅडम तिच्या शेजारी, मी मागे सॅक घेऊन. दोघींच्या गप्पा एकदाही तुटल्या नाहीत. कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या मॅनेजरने काय केलं, आईला सगळी माणसं नावानिशी ठाऊक. मला तिने त्यातलं एक नाव कधी सांगितलेलं नाही. मध्यावर मॅडमना धाप लागली, तर आईने त्यांना दगडावर बसवलं आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. पदराने. आत पँट होती, वर साडी नेसून आली होती, आता कळलं कशासाठी. मलाही धाप लागली होती. मी दुसऱ्या दगडावर बसलो.

वर गेल्यावर पिठलं-भाकरी सांगितली, तर तो माणूस भरीत पण घ्या म्हणाला. मॅडम लगेच म्हणाल्या, वांगं नको, इंदूआईच्या अंगाला खाज येते. ताई, मला हे माहीतच नव्हतं. आपल्या घरी वांगं होत नाही ते मला आवडत नाही म्हणून, असं मी आजवर समजत होतो.

येताना मॅडमनी मला विचारलं, तुला इतकी माहिती आहे तर तू का नाही येत? म्हणजे स्वारगेटला चल म्हणावं तसं. मी म्हणालो, दुकानात काम आहे.

लोभाचं तुझ्या हातात आहे, माझ्या हातात फक्त सॅक आहे.

तुझा,
शंभू

॥ श्री ॥

वारजे, पुणे
१२ डिसेंबर २०२५

ती. सौ. हेमाताईस,
सा. न. वि. वि.

मी म्हणत होतो ना. आता ऐक आणि मग ओवा कुणी खायचा ते सांग.

आईची मोठी बॅग मॅडमनी दिली आहे, त्यांच्या आईची. ती काल सरळ त्यांच्या घरून दुकानात आली, ड्रायव्हर देऊन गेला. चाक बदलायचं होतं आणि चेन अडकत होती. चेन उघडायला गेलो तर बॅग जड. आत बघितलं. टॉवेलात गुंडाळलेला विजेवरचा छोटा कुकर. त्याखाली पोळपाट, लहान, आणि लाटणं. भाजणीचं पीठ, मेतकूट, गोडा मसाला, तुरीची डाळ, सगळं पिशव्यांत भरून, तोंडं शिवून. चार बायकांना आठवडाभर पुरेल एवढं.

म्हणजे इंदूआई, इंदूआई, ती यासाठी. जंगलात वरण-भात हवा, मैत्रिणींना पोळ्या हव्यात, मग न्या घरची स्वयंपाकीण. गोरिला बघायला नेतो असं सांगितलं की ती फुकट येते, वर उपकारही होतात. मेहबूबभाई म्हणाले, पहिल्यांदा आईला विचार. मी म्हटलं विचारायचं काय, समोर पडलंय. ते म्हणाले, शंभू, तू आज खूश दिसतोस, ते मला बरं वाटत नाही.

मी मॅडमना फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज चढला. म्हटलं, आमच्या आईला आफ्रिकेत नेऊन पोळ्या लाटायला लावणार असाल तर तसं सांगा, आम्ही तिचा हिशोब वेगळा करू. आई म्हणून तोंडाने म्हणायचं आणि बॅगेत लाटणं भरायचं. तिकडून काहीच उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

घरी येऊन तेच सगळं आईसमोर ठेवलं. पोळपाट, कुकर, पिशव्या. म्हटलं, बघ तुझी राजनंदिनी तुला कशाला नेतेय. आई काही बोलली नाही. मला वाटलं तिला धक्का बसला. तिने ते लाटणं हातात घेतलं, पुन्हा ठेवलं, आणि तांदूळ निवडायला बसली.

आज सकाळी म्हणाली, मी जाणार नाही, तिला तसं सांगून टाकते.

बरं झालं की नाही, तूच सांग. मला बरं वाटायला हवं होतं. निम्मंच वाटतंय.

तुझ्या लोभाची आज जरा जास्त गरज आहे.

शंभू

॥ श्री ॥

लोणी काळभोर
१९ डिसेंबर २०२५

चि. शंभूस,
आशीर्वाद. अनेक लिहायचा हात होत नाही.

काल मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. उद्यापनाला आई आली होती. पाहुणी म्हणून बोलावली होती मी. आल्या आल्या पदर खोचला आणि पुरण वाटायला बसली. सासूबाईंनी राहू द्या म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मला हातभार हवाच होता. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं मी वरच्या पायरीवर उभं राहून लिहिते आहे असं तुला वाटायला नको.

शंभू, ते पोळपाट आईने भरलं. कुकरही आईने. राजनंदिनीच्या घरी ठेवून थोडं थोडं भरत होती, कारण आपल्या घरी भरलं असतं तर तू बघितलं असतंस. ड्रायव्हर तिला न विचारताच भरलेली बॅग तुझ्या दुकानात देऊन गेला. मी विचारलं का गं असं, तर म्हणाली, फुकट कशी जाऊ. त्या तिघी पैसे भरणार, माझे पण तीच भरणार, आणि मी काय नुसती तिच्या आईच्या जागेवर जाऊन बसू? चार पोळ्या केल्या तर माझं मला येणं बरोबर वाटेल. राजनंदिनी तिला नको नको म्हणत होती, हॉटेलात चालत नाही म्हणून सांगत होती, पण आईने ऐकलं नाही.

तू तिच्यापुढे ते सामान मांडलंस तेव्हा ती का बोलली नाही माहीत आहे? लाज वाटली तिला. जे तिने मनातल्या मनात कसंबसं जुळवलं होतं की मी नोकर नाही पण फुकटीही नाही, ते तू एका वाक्यात नोकर करून टाकलंस. पुरण वाटता वाटता म्हणाली, पोराला माझ्या कामाची लाज वाटते गं. मी तिला सांगितलं, लाज नाही, त्याचं पोट दुखतंय. पण तिला ते पटलं नाही.

तुला ते सापडलं नाही रे. तू ते शोधतच होतास.

आणि आता माझंही ऐक. तुला वाटतं तुझी एकट्याची आई त्या घराने नेली. तू लहान होतास तेव्हा शाळा बुडवून तुला कडेवर कोण घेत होतं? मी तिसरीत होते. संध्याकाळी आई आली की दिवसभर राखणारी मी बाजूला आणि आधी तू उचलला जायचास. मला राजनंदिनीचा कधी राग आला नाही, ती लांब होती. जवळ तू होतास. आणि आताही, ती आफ्रिकेला जाते तर माझ्या मनात पहिलं काय आलं? लोणीला चार दिवस राहायला ये म्हटलं तर कामाला सुट्टी नसते. तुला त्या दिवशी ओवा खायला सांगितला तेव्हा माझ्याकडचा डबा आधीच अर्धा झाला होता.

राजनंदिनीने अजून तिकीट रद्द केलेलं नाही असं आई म्हणते. पण ती शब्द टाकणार नाही, तू फोनवर जे बोललास त्यानंतर कशी टाकेल. आई स्वतःहून जाणार नाही. तेव्हा हे तुझ्यावर आहे. जाते की नाही, आणि गेली तर काय होऊन जाते, हे दोन्ही.

मी रागावले आहे, तुटलेले नाही. एवढं समजून घे.

हेमाताई

वारजे, पुणे
२१ डिसेंबर २०२५

राजनंदिनीताई यांस,
शंभूचा स. न. वि. वि.

फोनवर बोललो असतो पण मागच्या वेळी फोनवरच चुकलं, म्हणून लिहितो. बॅगेतलं सामान आईने भरलं होतं हे मला नंतर कळलं. न विचारता तुमच्यावर घेतलं. माझं चुकलं. मी जे शब्द वापरले ते परत घेतो. परत घेता येत नाहीत हे मला समजतं.

तुम्ही आईला न्यावं अशी विनंती आहे. तिला दुधाचा चहा लागतो, कोरा चालत नाही. जिना उतरताना डावा गुडघा दुखतो पण ती सांगत नाही, म्हणून उतारावर तिला काठी हातात द्यावी. बाकी तुम्हाला माहीत आहेच. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे मी सिंहगडावर बघितलं.

कुकर, पोळपाट आणि लाटणं मी काढून घेतो. तिने तिकडे कुणालाही वाढू नये एवढंच तुम्ही बघावं. ती उठेल. तिला बसवावं.

आपला,
शंभू कोंडीराम

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

शंभू,

तुझ्याच कागदामागे लिहितेय, घरात दुसरा कागदच सापडला नाही. मराठीत हाताने लिहून किती वर्षं झाली, चुका असतील, तू काढशीलच.

फोनवर मी गप्प राहिले कारण मला खरंच उत्तर सुचलं नाही. पोळपाटाचं मला माहीत होतं. मी दोनदा नको म्हटलं आणि मग म्हटलं, जाऊ दे, तिला बरं वाटत असेल तर घेऊ दे. ते बरोबर नव्हतं. सोपं होतं. आमच्या घरी इतकी वर्षं मी तिला म्हणते, बस ना आमच्याबरोबर जेवायला. ती नंतर बसते म्हणते. आणि मी जेवायला लागते. आई असताना आईपण तेच करायची. तू जे बोललास ते चुकीच्या गोष्टीवरून बोललास, पण अगदीच काही नाही असं नव्हतं.

इंदूआई मला नाही म्हणून गेली आहे. मी समजावून थकले. तिला माझं बोलणं नकोय, तुझं हवंय. तूच सांग तिला. शनिवारी, तीन तारखेला दुपारी निघायचं आहे, मुंबईहून विमान आहे.

आणि मला मॅडम म्हणणं बंद केलंस ते चांगलं केलंस. लहानपणी कधी इंदूआईबरोबर यायचास तेव्हा तुझं नाक मी अनेकदा पुसलंय, आणि तुला चालत होतं.

राजनंदिनी

॥ श्री ॥

वारजे, पुणे
४ जानेवारी २०२६

ती. सौ. हेमाताईस,
सा. न. वि. वि.

आई गेली. आत्तापर्यंत पोचलीसुद्धा असेल. नीट सगळं सांगतो, कारण तू फोनवर फक्त बरं बरं म्हणत होतीस, मागे तुझ्या सासूबाई तिकडे खातात काय हेच विचारत होत्या.

राजनंदिनीताईंचं उत्तर आल्यावर दोन दिवस मी नुसता बोलायची तयारी केली. दुकानात मनातल्या मनात बोलून बघितलं, तर एका शाळेच्या दप्तराला पट्टा उलटा शिवला. मेहबूबभाईंनी उसवला आणि म्हणाले, घरी जा, आणि बोलून मगच परत ये.

आई पोळ्या करत होती. मी म्हटलं, आई, तू जायचं आहेस. ती म्हणाली, माझं ठरलंय. मी म्हटलं, पोळपाट तू भरलंस हे मला हेमाताईने सांगितलं. तिचा हात थांबला. मग म्हणाली, सांगायला नको होतं तिने. मी म्हटलं, मला तुझ्या कामाची लाज वाटत नाही, कधीच वाटली नाही, मला राग आला होता. तिने विचारलं, कसला? मी खूप सरळ वाक्य ठरवून गेलो होतो, ते आठवेना. म्हटलं, तू तिच्याबरोबर जातेस याचा. माझ्याशिवाय जातेस याचा. गोरिला मला बघायचे होते याचा.

आई हसली. मी इतका वेळ मान खाली घालून उभा, आणि ती हसली. म्हणाली, अजूनही येतोय का राग? मी म्हटलं, हो, येतोय. ती म्हणाली, येऊ दे. बरं वाटतं. मला कुणी असं धरून ठेवायला बघितलं त्याला किती वर्षं झाली.

मग पोळी उलटली आणि काळजीने विचारलं, पण पोळ्या नाही केल्या तर मी तिथे दिवसभर करू काय? मी म्हटलं, ते देतील ते खायचं, जंगलात जायचं, गोरिलाकडे बघायचं, परत येऊन बसायचं. आई म्हणाली, नुसतं बसायचं? मी तिला चौकात नाचायला सांगितल्यासारखा चेहरा झाला तिचा. मी म्हटलं, हो, आणि तिकडची माणसं वाढतील. तिने पुढची पोळी लाटून तव्यावर टाकली. शेवटी म्हणाली, मीठ कमी असलं तर बोलायचं नाही का? मी म्हटलं, बोल की, पाहुण्याने बोलायचं असतं. तेव्हा जरा पटल्यासारखं दिसलं.

बॅग पुन्हा भरली. तुझ्या सासूबाईंनी पाठवलेला चिवडा ठेवला, एकच पिशवी, तो खायला आहे, वाढायला नाही, असं आईकडून कबूल करून घेतलं. तू पाठवलेली शाल वर ठेवली. जंगलात उंचावर गारठा असतो. फोटो काढून आणते म्हणाली, मी म्हटलं फोटो टीव्हीवर असतात, तू नीट बघ आणि मला तोंडाने सांग. तासभरच बघू देतात. ती म्हणाली, तासभर एका जागी उभं राहून एखाद्याकडे बघायचं, त्याला कसंतरी होत नसेल का रे? हा प्रश्न मला इतकी वर्षं चॅनल बघून कधी पडला नव्हता.

काल दुपारी गाडी आली. आई पँट, बूट, वर कुडता आणि तुझी शाल अशी खाली उतरली. शर्मिलावहिनी आणि सगळी चाळ गॅलरीत. कुणीतरी वरून ओरडलं, इंदूबाई, नवरा शोधून आणू नका तिकडून. आई वर न बघता म्हणाली, सापडला तर तुझ्यासाठी पाठवते. चाळ हसली.

मी डिकीत बॅग ठेवली. राजनंदिनीताई मागच्या सीटवर होत्या, मैत्रिणी विमानतळावर भेटणार होत्या. मी डिकी लावून वळलो तर आईने पुढचं दार उघडलं होतं. ड्रायव्हरशेजारचं. ती नेहमी तिथेच बसते. त्यांच्याबरोबर मंडईत जाते, दवाखान्यात जाते, तेव्हा पुढेच बसते, मागे त्यांचं घर बसतं. एक पाय तिने आत टाकलासुद्धा होता. राजनंदिनीताईंनी आतून तिच्याकडे बघितलं, काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

ताई, खरं सांगतो. आई पुढे बसली असती तर मला आतून थोडं बरं वाटलं असतं. म्हणजे मग ती त्यांची झाली नसती. पुढे बसून ती आपलीच राहिली असती.

मी गेलो आणि आईला म्हटलं, पाय काढ. ती म्हणाली, का रे, काय राहिलं? तिने पाय काढल्यावर मी पुढचं दार लावलं. मागचं उघडलं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, वर अख्खी चाळ बघत होती, आणि ड्रायव्हरने आरशातून बघितलं. मी तिचा हात धरून तिला आत बसवलं, राजनंदिनीताईंच्या शेजारी. बुटाची नाडी दारात येत होती ती आत सरकवली. राजनंदिनीताई सरकल्या, त्यांनी मधली पर्स उचलून मांडीवर घेतली. आई सीटच्या कडेला टेकून बसली होती. मी म्हटलं, आई, मागे टेकून बस. ती टेकली.

मग मी दार लावलं. जोरात लावावं लागलं, एकदा लागलं नव्हतं.

गाडी पुलाकडे वळेपर्यंत मी बघत होतो. मागच्या काचेतून दोघींची डोकी शेजारी शेजारी दिसत होती आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मागे वळून कुणी बघितलं नाही. मला ते आवडलं नाही. तरी मी हात हलवत राहिलो.

मुलांना पापा, दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझ्या लोभात माझा वाटा ठेव. लहान असला तरी चालेल.

तुझा,
शंभू